रोगाच्या दारातून आत आलेला माणूस

मराठी समाजविचारात समलिंगी आणि तृतीयपंथी माणूस कोणत्या दाराने आत आला, हा प्रश्न आपल्याकडे फारसे कोणी विचारत नाही. समतेच्या चळवळीने त्याला बोट धरून आणलेले नाही. साहित्याने त्याला ओळखून हाक मारली, असेही म्हणता येत नाही. १९८६ मध्ये मद्रास येथे भारतातील एचआयव्हीची पहिली लागण नोंदली गेली, १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना उभी राहिली, आणि मग शासनाला, वृत्तपत्रांना व समाजकार्याच्या महाविद्यालयांना ही माणसे दिसू लागली. त्याआधी ती होतीच. स्टेशनच्या मुतारीजवळ होती, यल्लम्माच्या डोंगरावर होती, गिरणगावच्या चाळीत होती, लग्न लावून दिलेल्या घरात तोंड दाबून होती. पण ती दिसण्यासाठी एक विषाणू यावा लागला.

ज्या दाराने माणसाला आत घेतले जाते ते दारच त्याची बसायची जागा ठरवते. हे दलित वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. वाड्याच्या गोठ्यात मेलेले ढोर ओढून न्यायला बोलावलेला माणूस ओसरीवर बसत नाही. तो गेल्यावर अंगणात शेणपाणी शिंपडले जाते. त्याची गरज मान्य असते, त्याचे माणूसपण मान्य नसते. रोगाच्या दारातून आलेल्या माणसाचेही असेच झाले काय, हा या लेखाचा पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न अधिक अडचणीचा आहे, कारण तो आपल्या घरातला आहे. ज्या साहित्याने आणि चळवळीने ‘माणूस’ हा शब्द मराठीत नव्या अर्थाने उच्चारला, ते साहित्य आणि ती चळवळ या माणसाला कोणत्या शब्दाने हाक मारते?

१

प्रथम या संघटनांच्या कामाला न्याय दिला पाहिजे. दुरून टीका करणे सोपे असते आणि आपल्या विद्वानांना ते फार आवडते.

१९९० मध्ये मुंबईत ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगींचे नियतकालिक सुरू झाले. १९९१ मध्ये दिल्लीतील एड्स भेदभाव विरोधी आंदोलन या छोट्या गटाने भारतातील समलिंगींच्या स्थितीविषयी नागरिकांचा अहवाल प्रसिद्ध केला. १९९४ मध्ये याच गटाने तिहार तुरुंगातील कैद्यांना निरोध मिळावेत म्हणून दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली आणि त्यासाठी दंडसंहितेच्या ३७७ व्या कलमालाच आव्हान दिले. त्याच वर्षी मुंबईत अशोक राव कवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हमसफर ट्रस्ट स्थापन केला. पुढे सांताक्रूझजवळ वाकोल्याला महापालिकेच्या एका जुन्या इमारतीत त्यांना जागा मिळाली. सांगलीत १९९२ मध्ये मीना शेषू यांनी ‘संग्राम’ सुरू केली, आणि तिच्यातून १९९६ मध्ये धंदा करणाऱ्या स्त्रियांची स्वतःची संघटना, वेश्या अन्याय मुक्ती परिषद, उभी राहिली. पुढे त्याच परिसरात पुरुष आणि तृतीयपंथीयांची ‘मुस्कान’ ही संघटनाही आकाराला आली. पुण्यात २००२ मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट काढला.

या संस्थांच्या कामाची पद्धत साधी आणि म्हणूनच मूलगामी होती. बागेत, स्टेशनवर, एस. टी. स्टँडच्या मागे, चौपाटीवर जे लोक भेटतात त्यांच्यापैकीच एखाद्याला कार्यकर्ता करायचे. त्याने आपल्या माणसांशी आपल्या भाषेत बोलायचे, निरोध द्यायचे, गुप्तरोगाची शंका असेल तर सोबत दवाखान्यात जायचे, रक्ताच्या तपासणीला धीर द्यायचा. सरकारी दवाखान्यात एकट्याने गेलेल्या कोतीला काय ऐकावे लागते, हे ठाऊक असलेला माणूस बरोबर असणे याला औषधाइतकीच किंमत असते. आठवड्यातून एक दिवस जमण्यासाठी एक खोली असते. तिथे तपासणीच्या निमित्ताने आलेला मुलगा पहिल्यांदा स्वतःसारखी दहा माणसे एकत्र पाहतो. कागदावर त्या खोलीचा हेतू रोगनियंत्रण असा लिहिलेला असतो. प्रत्यक्षात तिथे रोगापेक्षा जुनी असलेली एक गोष्ट बरी होत असते, आणि ती म्हणजे एकटेपणा.

हे काम निर्धोक नव्हते. जुलै २००१ मध्ये लखनौ येथे एड्स प्रतिबंधाचे काम करणाऱ्या संस्थांच्या कार्यकर्त्यांना पोलिसांनी पकडले. जे साहित्य वाटण्यासाठी सरकारी कार्यक्रम पैसा देत होता तेच साहित्य गुन्ह्याचा पुरावा ठरवण्यात आले. कार्यकर्ते ४७ दिवस तुरुंगात राहिले. एक हात निरोध वाटतो आणि दुसरा हात तो खिशात सापडला म्हणून बेड्या घालतो, ही आपल्या राज्यसंस्थेची ओळख दलितांना नवी नाही. कायद्याच्या पुस्तकात एक आणि चौकीत दुसरे, हा अनुभव आपण पिढ्यान्‌पिढ्या घेतला आहे.

त्याच २००१ साली नाझ फाउंडेशनने ३७७ व्या कलमाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. तिचा मुख्य आधार काय होता? या कलमामुळे माणसे लपून राहतात आणि एड्स प्रतिबंधाचे काम त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, हा. २००६ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने न्यायालयात याला दुजोरा दिला. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत लागणीचे प्रमाण ८ टक्क्यांहून अधिक, तर सर्वसाधारण लोकसंख्येत ते १ टक्क्याहून कमी आहे, असे तिने सांगितले. त्याच सरकारच्या गृहखात्याने मात्र कलम टिकवावे अशी भूमिका घेतली. सरकारचे एक खाते म्हणत होते, यांना जगू द्या, नाहीतर रोग पसरेल. दुसरे म्हणत होते, यांना मोकळे सोडले तर नीती बुडेल. या दोहोंपैकी एकही खाते असे म्हणत नव्हते की, ही माणसे आहेत, म्हणून त्यांना जगू द्या.

२

इथून टीकेला सुरुवात होते. ती या संस्थांवर कमी आणि ज्या भाषेत त्यांना काम करावे लागले त्या भाषेवर जास्त आहे.

एड्स नियंत्रणाच्या कार्यक्रमाने या माणसांना एक नाव दिले: एमएसएम, म्हणजे पुरुषांशी लैंगिक संबंध ठेवणारे पुरुष. या नावाची सोय मी समजू शकतो. स्वतःला समलिंगी न म्हणणारा, बायकामुले असलेला पुरुषही त्यात बसतो आणि रोगाच्या हिशेबात तो सुटत नाही. परंतु हे नाव एका कृतीचे आहे. त्यात प्रेम नाही, सोबत नाही, अपमान नाही, इतिहास नाही. कोती, हिजडा, जोगता ही नावे माणसांनी आपसांत वापरलेली, जगून मिळवलेली आहेत. एमएसएम हे नाव रकान्यात भरण्यासाठी आहे. त्याच्या शेजारी ‘अतिजोखमीचा गट’ आणि ‘लक्ष्यगट’ हे शब्द बसले. लक्ष्य शब्दाला मराठीत नेम धरण्याचा अर्थ आहे, हे कुणाच्या ध्यानात आले नाही.

नाव देण्याचा अधिकार कुणाचा, हा दलित चळवळीचा पायाभूत प्रश्न आहे. ‘हरिजन’ हा शब्दही दया आणि सोय यांतून आला होता, आणि तो आपण नाकारला. तो शिवीसारखा नव्हता. तो फार गोड होता, आणि दुसऱ्याने दिलेला होता. ‘दलित’ हा शब्द आपण घेतला तेव्हा त्यात तुडवले गेल्याची साक्ष होती आणि उठून उभे राहण्याची प्रतिज्ञाही. ज्याला हा फरक कळतो त्याला एमएसएम आणि हिजडा या दोन शब्दांतला फरकही कळला पाहिजे. एक मोजतो, दुसरा बोलतो.

ज्याला जोखीम म्हणून मोजले त्याला जोखीम म्हणूनच वागवले जाते. २०१७ मध्ये रक्तदात्यांच्या निवडीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढण्यात आली, त्यांत तृतीयपंथी, समलिंगी पुरुष आणि धंदा करणाऱ्या स्त्रिया यांना रक्तदानातून कायमचे वगळण्यात आले. एखाद्या व्यक्तीची तपासणी काय सांगते, तिचे वागणे काय आहे, हा प्रश्नच त्यात नव्हता. ती कोण आहे एवढे पुरेसे होते. २०२१ मध्ये याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. रक्त सुरक्षित असले पाहिजे याबद्दल दुमत नाही. परंतु प्रत्येक रक्ताची तपासणी करता येते असे शास्त्र हाताशी असताना संपूर्ण जमातीचे रक्त जन्माने वर्ज्य ठरवणे, याला आपल्या भाषेत जुना शब्द आहे. तो शब्द विटाळ.

रोगाच्या दारातून येणाऱ्या पैशाचाही असाच स्वभाव आहे. तो रोगासाठी येतो आणि रोगाबरोबर जातो. २००३ च्या अमेरिकी कायद्याने परदेशी संस्थांना अट घातली की, वेश्याव्यवसायाला विरोध असल्याची प्रतिज्ञा करा, तर एड्सचा निधी मिळेल. सांगलीच्या ‘संग्राम’ने २००५ मध्ये ही अट नाकारून तो निधी सोडला. ज्यांच्यासाठी पैसा घ्यायचा त्यांचाच धिक्कार लिहून देऊन तो घ्यायचा नाही, असा तो निर्णय होता. महाराष्ट्रातील सामाजिक कामाच्या इतिहासात या स्वाभिमानाची नोंद जेवढी व्हायला हवी तेवढी झालेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने आपली मदत गोठवली तेव्हा हैदराबाद, कल्याण आणि पुणे येथील तृतीयपंथीयांसाठीचे मित्र दवाखाने बंद पडले. हैदराबादचा दवाखाना २०२१ मध्ये सुरू झाला होता. तिथे एचआयव्हीच्या उपचाराबरोबर संप्रेरकांचा सल्ला आणि मनाच्या दुखण्यावर बोलायला माणूस मिळत असे. चार वर्षांत उघडलेले दार समुद्रापलीकडच्या एका सहीने लागले. हक्क म्हणून मिळालेली गोष्ट अशी एका सहीने जात नाही. तेवढ्यासाठी तरी मदत आणि हक्क यांतला फरक आपण पुन्हा पुन्हा सांगितला पाहिजे.

३

आता जातीविषयी. या कामावरचे अहवाल आणि पुस्तिका वाचताना वय भेटते, शिक्षण भेटते, जोडीदारांची संख्या भेटते. जात क्वचितच भेटते. लैंगिकतेच्या छत्राखाली सगळे सारखे, असा एक गोड समज या क्षेत्रात आहे. तो गैर आहे. इंग्रजी बोलणारा, स्वतंत्र खोली असलेला समलिंगी तरुण आणि गावात खोली काय, आडोसाही नसलेला मातंग समाजातील कोती यांची जोखीम एक नसते. पोलिसाचा दांडा कुणावर आधी पडतो, खिशातले पैसे कुणाचे काढून घेतले जातात, कोणाच्या बापाला बोलावून घेतले जाते आणि कुणाला मारून सोडले जाते, हे जात आणि वर्ग ठरवतात. संस्थेतही तीच उतरंड येते. परिषदेत बोलणारे एक असतात आणि रात्री स्टेशनवर फिरून तुटपुंज्या मानधनावर निरोध वाटणारे दुसरे. दहा-पंधरा वर्षे वाटप करणारा कार्यकर्ता संचालक का होत नाही, हा प्रश्न ‘समुदायाची संस्था’ असे म्हणवणाऱ्या प्रत्येक संस्थेने स्वतःला विचारावा.

या मौनाला ज्यांनी शब्द दिले त्या स्वतः दलित तृतीयपंथी आहेत. तमिळमधील लिव्हिंग स्माइल विद्या यांचे आत्मकथन २००७ मध्ये आले. त्यात पुण्यात राहून आगगाडीत पैसे मागण्याचा काळ आहे. म्हणजे ते पुस्तक आपल्याही भूमीवरचे आहे. तृतीयपंथीयांविषयीचा तिरस्कार हा ब्राह्मण्याचाच एक प्रकार आहे, अशी मांडणी त्यांनी पुढे केली. या मांडणीचे मोल मोठे आहे. जन्मावरून माणसाला काम नेमून देणे, त्या कामाबद्दलच त्याला हीन ठरवणे, दुसरे काम मागितले तर दार बंद करणे आणि शुभप्रसंगी मात्र त्याचा आशीर्वाद घेणे, ही जातीची रीत आहे. टाळी, भीक आणि धंदा ही तीन कामे हिजड्यांना याच रीतीने नेमून दिलेली आहेत. बारशाला हिजड्याचा आशीर्वाद हवा. शाळेच्या बाकावर हिजडा नको.

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांचे नागरिकत्व ठामपणे मान्य केले आणि त्यांना सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास समजून आरक्षण द्यावे असे सांगितले. वरवर पाहता हा न्याय आहे. परंतु दलित तृतीयपंथीयाला तो पेचात टाकतो. मागासवर्ग म्हणून एकच रकाना मिळाला तर त्याने अनुसूचित जातीचा दाखला सोडायचा, की आपली लिंगओळख सोडायची? एकाच देहावर दोन अन्याय होतात आणि न्याय मात्र एकाचाच मिळतो. म्हणून तमिळनाडूतील ग्रेस बानू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आडव्या आरक्षणाची मागणी लावून धरली: प्रत्येक प्रवर्गाच्या आत तृतीयपंथीयांसाठी जागा, जशा स्त्रियांसाठी असतात तशा. कर्नाटकाने २०२१ मध्ये शासकीय नोकऱ्यांत असे १ टक्का आरक्षण दिले. ही मागणी मुळात दलित स्त्रियांच्या प्रश्नाच्या जातकुळीतली आहे. ती आपल्या व्यासपीठावरून मोठ्या आवाजात का मांडली जात नाही?

४

हा ‘का’ आपल्याला आपल्या साहित्याकडे आणतो.

दलित साहित्याने मराठीला जे दिले त्यात ‘गोलपिठा’चे (१९७२) स्थान फार वरचे आहे. मध्यमवर्गीय वाचकाने नाक दाबून ओलांडलेली कामाठीपुऱ्याची वस्ती नामदेव ढसाळांनी मराठी कवितेच्या मध्यभागी आणली. त्या वस्तीतल्या गुप्तरोगाला, भडव्याला, हिजड्याला कवितेत यायला बंदी राहिली नाही. ही क्रांतीच होती. तिच्यापुढे आपण किती चाललो? ‘बलुतं’ आले, ‘उपरा’ आले, ‘अक्करमाशी’ आले. गावकुसाबाहेरच्या माणसाने स्वतःची गोष्ट स्वतः सांगितली. परंतु त्या गावकुसाबाहेरच्या वस्तीतच जो बायकी चालीचा मुलगा होता, ज्याला नदीवर पोरे घेरत, ज्याला आई झाकून ठेवी, तो या आत्मकथनांच्या कडेला उभा राहिला. त्याच्याकडे वळून त्याची गोष्ट विचारली गेली नाही.

याहून गंभीर गोष्ट भाषेची आहे. आपल्या विद्रोही कवितेत आणि भाषणांत भ्याड, लाचार, विकल्या गेलेल्या माणसासाठी कोणते शब्द येतात? षंढ, नामर्द, हिजडा. मोर्चात मंत्र्याला बांगड्यांचा आहेर देण्याची प्रथा तर सर्व पक्षांच्या महाराष्ट्रात रुजलेली आहे, आणि आपले मोर्चेही त्याला अपवाद नाहीत. या आहेराचा अर्थ काय? बांगडी भरणारा हात दुबळा. मग ज्या हातांनी महाडच्या परिषदेसाठी भाकऱ्या थापल्या, ज्या हातांनी १९७८ नंतर नामांतरासाठी लाठ्या झेलल्या, त्या हातांत बांगड्या नव्हत्या काय? आणि हिजडा हा भित्रेपणाचा शब्द कसा होतो? दिवसाउजेडी साडी नेसून भर बाजारातून एकट्याने चालायला लागणारे धैर्य आपल्यातील किती पुरुषांकडे आहे? मनूने शूद्राला जे नाव दिले ते आपण परत केले. त्याच टाकसाळीतून पडलेले दुसरे नाणे आपण अजून आपल्या सभांत चालवत आहोत. पुरुषार्थाचे हे नाणे सवर्ण पुरुषाच्या मुद्रेचे आहे. ते आपल्या खिशात शोभत नाही.

पुरोगामी मराठी लेखनाने या माणसाकडे पाहिले तेव्हा कसे पाहिले, याचे एक उदाहरण घेऊ. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ (१९८५) आणि ‘भंडारभोग’ (१९८८) या कादंबऱ्यांनी देवदासी आणि जोगते यांचे जग मराठीत आणले. सीमाभागातील दारिद्र्य, अंधश्रद्धा आणि जात यांच्या कचाट्यात सापडलेल्या माणसांचे ते चित्रण थोर आहे; त्याबद्दल वाद नाही. या लेखनावर मुख्यतः आधारलेला ‘जोगवा’ हा चित्रपट २००९ मध्ये आला. त्यात देवीला सोडलेला तरुण आणि देवीला सोडलेली तरुणी एकमेकांच्या प्रेमात पडतात आणि प्रथेचे जोखड झुगारतात. प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो. तो श्वास कशाबद्दलचा आहे, हे मात्र तपासून पाहिले पाहिजे. जबरदस्तीने साडी नेसवलेला पुरुष पुन्हा ‘पुरुष’ झाला, याचा तो आनंद आहे. असे पुरुष असतात आणि त्यांच्यावरचा अन्याय खरा असतो. परंतु त्याच डोंगरावर दुसराही जोगता असतो. त्याला साडीतच स्वतःचे रूप सापडलेले असते, आणि देवीच्या नावाखेरीज ते रूप घेऊन जगायला समाजाने दुसरी जागा ठेवलेली नसते. प्रथा नष्ट करा, असे आपण म्हणतो ते योग्यच. पण प्रथा गेल्यावर हा दुसरा जोगता कुठे जाईल? आपल्या सुधारणावादी नजरेत त्याच्यासाठी खुर्ची नाही. एड्सचे काम करणाऱ्या साध्या कार्यकर्त्याने मात्र त्याला विचारले होते: तुला काय म्हणायचे, आणि तुला काय हवे? कार्यकर्त्याने विचारलेला हा प्रश्न आमच्या समीक्षेने अजून विचारलेला नाही.

या संघटनांच्या आसऱ्याने मराठीत काही लेखनही झाले, त्याची दखल आपल्या समीक्षेने घेतली पाहिजे. खिरे यांची ‘पार्टनर’ ही कादंबरी आणि ‘इंद्रधनु’ हे पुस्तक यांनी मराठी घरातल्या मुलाला इंग्रजीचा आधार न घेता स्वतःविषयी वाचता येईल अशी सोय केली. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ २०१२ मध्ये आले आणि पुष्कळ वाचले गेले. ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या लेखिकेचे ते आत्मकथन आहे. दलित वस्तीतून टाळी वाजवत बाहेर पडलेल्या हिजड्याचे जग त्याहून वेगळे, हे ध्यानात ठेवूनच ते वाचावे लागते. दिशा पिंकी शेख यांच्या ‘कुरूप’मधील कविता हा या दुसऱ्या बाजूचा आवाज आहे. त्या आंबेडकरी राजकारणात उघडपणे वावरतात आणि वंचित बहुजन आघाडीच्या प्रवक्त्या म्हणूनही त्यांनी काम केले. त्यांच्या कवितेला दाद देताना ‘तृतीयपंथी असूनही’ असे म्हणणारे रसिक मी ऐकले आहेत. ‘दलित असूनही चांगले लिहितो’ हे वाक्य ज्यांनी ऐकले आहे त्यांनी तरी ते दुसऱ्याला ऐकवू नये.

५

कोणी विचारील, बाबासाहेबांच्या विचारात याला आधार आहे काय? आधार आहे, आणि एक अवघड जागाही आहे. दोन्ही समोर ठेवल्या पाहिजेत.

१९३४ मध्ये र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेली उत्तरे हा त्याचा विषय होता आणि त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता. सनातनी समाज कर्व्यांच्या विरोधात उभा असताना त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले. लैंगिक विषयावर लिहिणे म्हणजे अश्लील लिहिणे नव्हे, ही त्यांची बाजू होती. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. परंतु ज्या काळात बाबासाहेबांच्या खांद्यावर अस्पृश्यांचा सगळा संसार होता त्या काळात त्यांनी हे वकीलपत्र घेतले, ही गोष्ट आपल्या चरित्रग्रंथांत तळटीपेएवढीच राहू नये.

दुसरी घटना १६ जून १९३६ ची. परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळ्या, जोगतिणी, वाघे, पोतराज यांची सभा झाली. कामाठीपुऱ्यातील महार स्त्रियांना बाबासाहेबांनी तो धंदा सोडण्याचे कठोर आवाहन केले. यावर बोट ठेवून काही जण म्हणतात की, धंदा करणाऱ्यांच्या आणि हिजड्यांच्या संघटना आंबेडकरी विचारात बसत नाहीत. मला हे वाचन उथळ वाटते. त्या भाषणाचा रोख जातीने गळ्यात बांधलेल्या धंद्यावर होता. गावकीची कामे सोडा, मेलेले ढोर ओढू नका, असे बाबासाहेब सांगत होते त्याच मालिकेतले ते आवाहन आहे. ढोरे ओढणाऱ्याला माणूस म्हणून हक्क नाही, असे त्यांनी कधी म्हटले नाही. ‘तो सोडू शकेल असे दार उघडा’ ही त्यांची मागणी होती. म्हणून आंबेडकरी माणसाला या कामाविषयी दुहेरी भूमिका घ्यावी लागते. जो आज धंद्यात आहे त्याला आजच निरोध, औषध, पोलिसांपासून संरक्षण आणि मान हवा. आणि जो उद्या त्यातून बाहेर पडू इच्छितो त्याला शाळा, नोकरी आणि घर हवे. एड्सच्या कार्यक्रमाने पहिला अर्धा भाग केला. दुसरा अर्धा भाग त्याच्या रकान्यात कधीच नव्हता. तो आपल्या चळवळीच्या जाहीरनाम्यात असायला हवा होता.

तिसरा आधार सर्वांत बळकट आहे. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने नाझच्या याचिकेवर निकाल दिला. याचिका रोगाच्या दारातून आली होती. निकाल संविधानाच्या दारातून आला. समाजाची नीती आणि संविधानाची नीती यांत फरक करण्यासाठी न्यायालयाने ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत डॉ. आंबेडकरांनी मांडलेला संवैधानिक नीतीचा विचार आधाराला घेतला. शिवाय त्याने अनुच्छेद १५(२) चा अर्थ लावला. दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते यांच्या वापरात एका नागरिकाने दुसऱ्याशी भेदभाव करू नये, हे ते कलम. त्यातल्या ‘तळी’ या शब्दात २० मार्च १९२७ चे चवदार तळे आहे. महाडला जे पाणी आपण ओंजळीत घेतले त्या पाण्याच्या जोरावर एका न्यायालयाने समलिंगी माणसाला सार्वजनिक जागेत उभे राहण्याचा हक्क दिला. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला, तेव्हा या लोकांची संख्या नगण्य आहे असे कारणही त्यात होते. संख्येच्या जोरावर हक्क ठरवण्याला विरोध करण्यात बाबासाहेबांचे आयुष्य गेले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने संमतीने प्रौढांत होणारे संबंध गुन्ह्यातून काढले, आणि पुन्हा संवैधानिक नीतीचाच आधार घेतला. चारच दिवसांनी, १० सप्टेंबरला, एचआयव्ही बाधितांशी भेदभावाला मनाई करणारा २०१७ चा कायदा अंमलात आला.

कायद्याने दार उघडले म्हणजे घर मिळाले असे होत नाही, हे अस्पृश्यताबंदीचा कायदा पाहिलेल्या आपल्याला सांगायला नको. तृतीयपंथीयांसाठी २०१९ मध्ये जो कायदा झाला त्यात त्यांच्यावरील लैंगिक अत्याचाराला सहा महिने ते दोन वर्षे एवढीच शिक्षा ठेवण्यात आली, स्त्रीवरील बलात्काराच्या शिक्षेपेक्षा कितीतरी कमी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतून ३७७ वे कलम पूर्णच गेले, आणि त्याबरोबर पुरुषावर वा तृतीयपंथीयावर बळजबरी झाली तर ज्या कलमाचा आधार होता तोही गेला. देहाची किंमत जातीवरून ठरवणारा समाज लिंगावरूनही ती ठरवतो.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. या संघटनांनी विषाणूच्या निमित्ताने माणसाला आत आणले. त्यासाठी त्यांनी जी भाषा वापरली ती कर्जाऊ होती आणि त्या कर्जाचे व्याज अजून फिटलेले नाही. आता त्या माणसाला रोगाच्या ओट्यावरून उठवून नागरिकाच्या खुर्चीवर बसवायचे असेल, तर ते काम निधी देणारे करणार नाहीत. ते संविधान आपले मानणाऱ्यांचे काम आहे. आडव्या आरक्षणाची मागणी आपल्या परिषदांच्या ठरावांत आली पाहिजे. महाविद्यालयात शिकवणाऱ्या आम्हा मंडळींनी दलित आत्मकथनांच्या शेजारी विद्या आणि दिशा यांची पुस्तके अभ्यासाला लावली पाहिजेत. आणि आपल्या पुढच्या मोर्चात बांगड्यांचा आहेर नसावा. ज्याला भ्याड म्हणायचे त्याला सरळ भ्याड म्हणावे. मराठी एवढी दरिद्री नाही की त्यासाठी तिला हिजड्याचे नाव उसने घ्यावे लागेल.